भाजी निवडता निवडता पाहिलेला सिनेमा

ताई, नमस्कार.

मी मालाडला राहते. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त. नोकरीत असेपर्यंत टीव्ही म्हणजे स्वयंपाकघरात ऐकू येणारा आवाज, एवढाच संबंध. गेल्या दिवाळीत मुलाने मोठा टीव्ही घेतला, त्यात सगळी ॲप्स आहेत, आणि आता मी हाताला लागेल ते बघते. जुने मराठी सिनेमे, हिंदी वेब सिरीज, सबटायटल लावून मल्याळम, संध्याकाळच्या मालिका, काही म्हणजे काही सोडत नाही. आमचे हे पहिल्या दहा मिनिटांत घोरायला लागतात आणि शेवटी उठून ‘हा कोण?’ विचारतात. बघून झालं की मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळी टाकते. ‘पोळ्या लाटता लाटता बघायला बरा.’ ‘पहिला अर्धा तास सोसा, मग पळतो.’ ‘नायकाला आधी कुणीतरी जेवायला वाढा.’ लोक हसायचे, आज काय बघू म्हणून विचारायचे.

मग बिनसलं. धाकटी जाऊ डोंबिवलीला असते, दीर गेल्यापासून एकटीच. तिची एक मालिका आहे, रोज साडेआठची. मी लिहिलं, ‘महिन्याने लावली, गोष्ट होती तिथेच, रडणंही तेच.’ तेव्हापासून तिचा फोन नाही. मुलगा म्हणतो, ‘कोर्ट’ तू अर्धा झोपेत पाहिलास आणि ‘कंटाळवाणा’ लिहून मोकळी झालीस, लोक वर्षानुवर्षं राबतात गं एकेका सिनेमासाठी. (स्वतः मात्र लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर दीडपट वेगात सिरीज बघतो.) भाची एडिटिंगचं काम करते. ती म्हणाली, ‘मावशी, तुझ्या टीव्हीवर तू जे बघतेस ते आम्ही केलेलंच नसतं.’ म्हणजे काय, ते मला कळलं नाही. मोठमोठे सिनेमे मला मालिकेसारखे दिसतात आणि संवाद नीट ऐकू येत नाहीत, हे मात्र खरं आहे.

तर ताई, मी मतं द्यायचं बंद करू का? आणि सबटायटल वाचून पाहिलेला सिनेमा पाहिला म्हणायचा की नाही?

– रिमोटवाली, मालाड

*

बाई (शाळेत शिकवलंत, तेव्हा दुसरं काही म्हणायला जीभ वळत नाही),

बंद करू नका. ‘पोळ्या लाटता लाटता बघायला बरा’ या एका ओळीतून मला जेवढं कळतं तेवढं साडेतीन ताऱ्यांतून आजवर कळलेलं नाही. सिनेमा चालू असताना मान खाली घातली तरी चालेल, कानावर पडेल तेवढ्यात गोष्ट समजेल, आणि शेवटी कुणा पोराबाळाचं बरंवाईट होणार नाही, हे सगळं त्यात आलं. परीक्षण लिहिणारा माणूस अंधारात, फोन बंद करून, जागचा न हलता सिनेमा बघतो. तुमच्या ग्रुपवरचं कुणी तसं बघणार आहे का? दाराची बेल वाजणार, दूध उतू जाणार, कुणीतरी मध्येच ‘चार्जर कुठाय’ म्हणून विचारणार. त्यातून जे शिल्लक राहतं त्याबद्दल तुम्ही लिहिता, आणि वाचणाऱ्यांच्या वाट्यालाही तेवढंच येणार असतं.

फक्त त्या दोन ओळींत एक गोष्ट दर वेळी सांगत जा: कसं पाहिलं. कधी लावला, किती पाहिला, हातात काय होतं. पोळ्यांच्या ओळीत ते आपसूक आलं, म्हणून ती ओळ चालली. ‘कोर्ट’च्या ओळीत आलं नाही. मालिकेच्या ओळीत अर्धवट आलं. नेमक्या त्याच दोन ठिकाणी तुम्ही अडकलात.

भाचीचं आधी घेते, कारण त्यात तुमचा दोष नाहीच. उलट तुमची नजर पक्की आहे.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रं या हिशेबाने टिपलेला असतो. तुमच्या नव्या टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० वेळा, महागातला असेल तर १२० वेळा बदलतो. मधली जागा भरायला टीव्ही काय करतो, तर दोन चित्रांच्या मधलं चित्र स्वतःच्या मनाने बनवतो आणि आत सरकवतो. क्रिकेटला हे ठीक, चेंडू सीमेकडे जाताना फरपटत गेल्यासारखा दिसत नाही. सिनेमात मात्र सगळी हालचाल गुळगुळीत होऊन बसते. व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढलेल्या मालिका आपण वर्षानुवर्षं तशाच गुळगुळीत पाहिल्या आहेत. त्यामुळे तशी हालचाल दिसली की डोळा परस्पर ठरवून टाकतो, ही मालिका. परदेशात तर या प्रकाराला ‘सोप ऑपेरा इफेक्ट’ असंच नाव आहे, सोप ऑपेरा म्हणजे तिकडची रोजची मालिका. २०१८ साली टॉम क्रूझने व्हिडिओ काढून लोकांना विनवलं होतं की बाबांनो, घरी सिनेमा बघताना एवढं बंद करा. भाची म्हणाली ते शब्दशः खरं आहे. तुम्ही सेकंदाला जी चित्रं बघता त्यातली निम्म्याहून जास्त तिच्यासमोर कधी आलेलीच नसतात.

बंद करायला सोपं आहे, सापडायला कठीण. सेटिंग्जमध्ये पिक्चर, त्यात आत कुठेतरी. सॅमसंगमध्ये ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’, एलजीमध्ये ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’. बाकी कंपन्यांत ‘मोशन’ हा शब्द धरून शोधत जा. काही टीव्हींवर ‘फिल्ममेकर मोड’ असतो, तो लावला की हे सगळं एकदम बंद होतं. नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड निवडा. ‘विविड’वर असेल तर आधी तिथून हलवा. ते सेटिंग दुकानातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात गिऱ्हाईक थांबावं म्हणून असतं, घरी त्यात प्रत्येक पात्र नुकतं मेकअप करून उठल्यासारखं दिसतं. पहिले दोन दिवस चित्र तुम्हाला जरा मंद, पिवळट वाटेल. राहू द्या तसंच.

संवादांचंही असंच. सिनेमाचा आवाज थिएटरातल्या अनेक स्पीकरांसाठी बांधलेला असतो, त्यात बोलणं बहुतेक मधल्या स्पीकरला दिलेलं. तुमच्या बोटभर जाडीच्या टीव्हीत स्पीकर असतात दोन, तेही खाली नाहीतर मागे भिंतीकडे तोंड करून. सगळा आवाज त्या दोघांत कोंबला की पार्श्वसंगीत गर्जतं आणि माणसं पुटपुटतात. ॲपमध्ये ऑडिओचा पर्याय असतो, तिथे ५.१ (म्हणजे थिएटरसारखा अनेक स्पीकरांचा) असेल तर साधा दोन स्पीकरांचा स्टिरिओ निवडा. टीव्हीच्या साउंडमध्ये ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग’ असं काही दिसलं तर ते लावा. एवढं करूनही ऐकू आलं नाही तर पंखा एकवर आणून बघा. मालाडला तुमच्या आजूबाजूला किती इमारती रीडेव्हलपमेंटला गेल्यात मला माहीत नाही, पण माझ्याकडे दुपारी ड्रिलिंग चालू असताना कुठल्याही नटाचे उच्चार स्वच्छ वाटत नाहीत. मी मराठीलासुद्धा सबटायटल लावते, लाज कसली?

तेव्हा गेल्या दिवाळीपासून ज्या सिनेमांना तुम्ही ‘मालिकेसारखा’ म्हणालात, त्यातला मनात राहिलेला एखादा पुन्हा दहा मिनिटं लावून बघा. मत बदललंच पाहिजे असं नाही.

आता चिरंजीव.

लहानपणी गिरगावात आमच्या चाळीच्या गणपतीत चौकात पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. पुढे जागा पुरायची नाही म्हणून निम्मी माणसं पडद्याच्या मागे बसायची. मागून सगळं उलटं. दुकानांच्या पाट्या उलट्या, नायक डावखुरा, उजवीकडून आलेला खलनायक डावीकडून आलेला. दुसऱ्या दिवशी नळावर मारामारीच्या प्रसंगावरून वाद लागला की कुणीतरी पहिल्यांदा विचारायचंच, ‘तू पुढून पाहिलास का मागून?’ मागून पाहिलास म्हणून गप्प बस, असं कुणी म्हणायचं नाही. एवढं कळलं की वाद पुढे चालू.

‘कोर्ट’ तुम्ही मागून पाहिलात, एवढंच सांगायचं राहिलं. चैतन्य ताम्हाणेचा हा २०१४चा सिनेमा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका लोकशाहिरावर खटला भरलाय: त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप. कॅमेरा लांब आणि स्थिर. माणसं येतात, बोलतात, निघून जातात, तरी कॅमेरा रिकाम्या जागेकडे बघत थोडा वेळ थांबतो. तारीख पडते, पुढच्या तारखेला आणखी कुणीतरी हजर नसतं. तुम्हाला आला तो कंटाळा खरा आहे, आणि तो मोजूनमापून घातलेला आहे. कोर्टाच्या बाकावर बसलेल्या माणसाचा वेळ असाच जातो. थिएटरात तो अंगावर येतो. घरी रात्री साडेदहाला, आडवं होऊन, उशीला टेकून बघितलात तर झोप लागणारच. (शेवट सांगत नाही, पण त्या सिनेमाच्या शेवटातही एका डुलकीला बरंच काम दिलेलं आहे.)

माझी हळहळ वेगळीच आहे. त्यात सरकारी वकील असलेली बाई आहे, गीतांजली कुलकर्णीने केलेली. कोर्टात ती शाहिराविरुद्ध जुने कायदे एका दमात, रुक्षपणे वाचून दाखवते. आणि मग कॅमेरा तिच्याबरोबर निघतो. लोकलमध्ये बाजूच्या बाईशी गप्पा, मुलाला घेऊन घरी, मग स्वयंपाक, घरचे टीव्हीसमोर. त्या बाईला वाईट ठरवता येत नाही आणि चांगलंही म्हणवत नाही. शाळा सुटल्यावर धावतपळत घरी येऊन कुकर लावलेल्या बाईला हा भाग माझ्यापेक्षा जास्त कळला असता, आणि नेमकी तेव्हाच तुमची झोप लागली. पुन्हा बघाल तर सकाळी बघा, घरचे कामाला गेल्यावर. त्याआधी ‘गुल्लक’ ही हिंदी वेब सिरीज पाहिली नसेल तर तीही बघा. त्यातली आई हीच.

तोवर ग्रुपवर असं टाकता येईल: ‘कोर्ट – रात्री लावला, अर्ध्यात झोपले. सावकाश आहे. झोप झालेली असेल तेव्हा बघा, मी पण बघणार आहे.’ यात मत आहे, खरेपणा आहे, आणि चिरंजीवांना बोलायला जागा नाही.

‘लोक राबतात’ हा त्यांचा मुद्दा मला पटत नाही. राबतात, शंकाच नाही. दादासाहेब फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई सगळ्या कलाकार-कामगारांचा स्वयंपाक करत, फिल्म धुण्यापर्यंतची कामं शिकल्या. पण ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ बघायला तिकीट काढून बसलेल्या माणसाला आतमध्ये किती भाकऱ्या थापल्या गेल्या याची चौकशी करायचं कारण नव्हतं. आवडलं की नाही, एवढं सांगायचा हक्क त्याने तिकिटाबरोबर घेतला होता. तुम्ही सबस्क्रिप्शनचे पैसे भरता (बरं, मुलगा भरतो) आणि दोन तास देता. कष्टांची कदर म्हणून खोटं कौतुक करायला लागलात तर तुमच्या चांगल्या मतांनाही कुणी विचारणार नाही.

आणि तो स्वतः चौथ्या सीटच्या आशेवर उभा राहून, खांद्याला कुणाची तरी बॅग लागत असताना, दीडपट वेगात बघतो ना? दीडपट वेगात माणसं श्वास न घेता बोलतात, दोन वाक्यांमधली शांतता नाहीशी होते. त्याच्या मताखालीही आजपासून ‘बोरिवली लोकल, दीडपट’ असं लिहायला लावा. गंमत म्हणून सांगत नाहीये, खरंच लिहायला लावा. काही सिरीज दीडपट वेगातच बघण्याच्या लायकीच्या असतात, आणि ही माहिती ग्रुपला कामाची आहे.

आता जाऊबाई. तुम्ही पत्रात ‘दीर गेल्यापासून एकटीच’ एवढं लिहून पुढे गेलात. मी त्या तीन शब्दांवर अडले.

मालिका कशी बनते ते आधी थोडं सांगते, म्हणजे तुमचं वाक्य किती खरं होतं आणि किती लागणारं होतं, दोन्ही कळेल. अर्ध्या तासात गोष्टीच्या वाट्याला साधारण २२ मिनिटं येतात, बाकी जाहिराती. आठवड्याचे टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात, आणि एखादं पात्र किंवा भांडण चाललं नाही असं दिसलं की गोष्ट वळते. बघणारी बाई त्या वेळी स्वयंपाकघरात असते हे लेखकाला पक्कं ठाऊक असतं. म्हणून एक थप्पड तीनदा दिसते, प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा जाऊन येतो, जाहिरातीआधी झालेलं जाहिरातीनंतर पुन्हा बोललं जातं. मालिका बघायची कमी आणि ऐकायची जास्त असते. महिनाभर गावाला जाऊन आलेल्या माणसाला परत आल्यावर धागा सापडावा, याची त्यात सोयच करून ठेवलेली असते. तेव्हा ‘महिन्याने लावली, गोष्ट होती तिथेच’ ही तुमची तक्रार म्हणजे एका अर्थी त्या मालिकेचं काम चोख झाल्याची पावती आहे.

याचा अर्थ सगळं गोड मानून घ्यायचं असा नाही. मला स्वतःला बारा-बारा वर्षं चालणारा प्रकार झेपत नाही. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ला सुरू झाली आणि २०१३ ला संपली, तीन हजारांहून जास्त भाग. त्या चार दिवसांत आमच्या ओळखीतली मुलं दहावी होऊन नोकरीला लागली. पण ‘आमच्या वेळचं दूरदर्शन काय होतं!’ हा सूरही मी लावत नाही, आणि तुम्हीही लावू नका, ग्रुपवर फार कंटाळा येतो त्याचा. दिलीप प्रभावळकरांचा ‘चिमणराव’ काही रोज यायचा नाही. पुढे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनच्या मालिकांना मंजुरी मिळायची ती बहुधा तेरा-तेरा भागांची. तेरा भागांत संपवायचं म्हटलं की लेखक आपोआप शहाणा होतो. आजच्या लेखकाला रोज रात्री २२ मिनिटं भरून द्यायची आहेत. तसं भरायला बसवलं असतं तर चिमणरावही कुठल्यातरी भागात स्मृती गमावून बसले असते.

पण जाऊबाईंना मालिकेवरची टीका लागलेली नाही. २०१३चा ‘द लंचबॉक्स’ पाहिला असेल तुम्ही. त्यातला इरफानने केलेला विधुर कारकून रात्री ‘ये जो है जिंदगी’चे जुने भाग बघत बसतो, बायकोने हौसेने टेप करून ठेवलेले. ती बघत असताना तो बाहेर सायकल दुरुस्त करायचा किंवा सिगरेट ओढत असायचा, अधूनमधून आत डोकावायचा, तेव्हा टीव्हीच्या काचेत तिचं हसू दिसायचं. १९८४ची विनोदी मालिका, सतीश शाह दर भागात नवं सोंग घेऊन यायचे. त्या कारकुनाला जर कुणी म्हणालं असतं, ‘काय रे, तेच तेच जोक’, तर?

डोंबिवलीच्या त्या घरात साडेआठला काय होत असेल, विचार करा. रात्रीचं एकटीचं जेवण, ताट घेऊन टीव्हीसमोर. ठरल्या वेळी ठरलेली माणसं घरात येतात, एकमेकांशी भांडतात, रडतात, आणि उद्या परत येणार असतात. तिच्या घरात सध्या रोज येणारं असं दुसरं कुणी आहे का, ते तुम्हाला जास्त माहीत. ग्रुपवर, सगळ्या सासर-माहेरच्यांसमोर, तुम्ही त्या साडेआठला हसलात. आणि लोकांनी खाली हसणारी तोंडं टाकली असणार, ती मोजून झाली असणार तिची.

ग्रुपवर ‘कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमस्व’ असलं काही टाकू नका. तो राजकारणी लोकांचा मजकूर आहे. फोन करा. आठच्या आत करा, साडेआठला मुळीच नको. मालिकेबद्दल सफाई देत बसू नका. ‘चुरचुरीत लिहायच्या नादात बोलून गेले, तुझ्यावर गेलं ते, चुकलं माझं’ एवढं पुरे. थोरल्या जावेने असं म्हटलं की धाकटीला अवघडायला होतं, ती ‘अहो वहिनी, काहीतरीच काय’ म्हणेल. तिथे थांबू नका. विचारा, ‘मधल्या महिन्यात झालं काय ते सांग.’ ती सांगेल. पंधरा मिनिटं सांगेल. आणि एखाद्या शनिवारी दादरला गाडी बदलून डोंबिवलीला राहायलाच जा. साडेआठला तिच्या शेजारी बसा, हातात निवडायला मेथी घ्या, आणि मध्ये प्रश्न विचारू नका. जाहिरातीत विचारा. तुमच्या यजमानांचं ‘हा कोण?’ तेवढ्या वेळेपुरतं तुम्ही केलंत तरी चालेल, मालिका बघणाऱ्या बाईला हा प्रश्न आवडतो.

दोघींना मिळून काही बघायचं असेल तर माझ्याकडून एक नाव: परेश मोकाशींचा ‘वाळवी’, २०२३चा. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ जाऊबाईंनी पाहिलीच असणार. त्यातली राधिका, म्हणजे अनिता दाते, इथे अगदी निराळ्या कामात आहे. खुनाचा बेत, तो फसत जातो, आणि हसू येतं, मग आपण कशाला हसलो असं वाटतं. मात्र हा भाजी निवडत बघायचा सिनेमा नव्हे. गॅस बंद करायला उठलात तरी धागा सुटेल, परत आल्यावर कुणी सांगून समजणार नाही. याच्या उलट ‘अशी ही बनवाबनवी’. १९८८चा सिनेमा, हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेला, आणि मराठी घरांत आता इतका मुरलाय की तो लागला की कुणी बघतच नाही, सगळे आपापली कामं करत पुढचं वाक्य आधी म्हणतात. मधल्या खोलीतून, मोरीतून, कुठूनही बघता येतो.

जाऊबाईंची गाडी एकदा रुळावर आली की त्यांनाच ग्रुपवर लिहायला लावा. मालिका कशी बघावी हे त्यांना तुमच्यापेक्षा नीट माहीत आहे. ‘आई कुठे काय करते’ ही मूळ बंगाली ‘श्रीमोयी’वरून आलेली आणि हिंदीतली ‘अनुपमा’ही तिथूनच. एकाच गोष्टीतली आई मराठीत आणि हिंदीत कुठे कुठे वेगळी वागली, हे रोज नेमाने बघणारी बाईच सांगू शकते. आपल्यासारख्या महिन्याने लावणाऱ्यांचं ते काम नव्हे.

राहिला सबटायटलचा प्रश्न. पाहिला म्हणायचा, खुशाल म्हणायचा. अडचण एवढीच की तिथे मान खाली घालता येत नाही. दोन मटार सोलेपर्यंत नायिका माहेरी निघून गेलेली असते. मल्याळम बघताच आहात तर ‘द ग्रेट इंडियन किचन’ राहिला असेल तर बघा, २०२१चा, जिओ बेबीचा. त्यात संवाद बेताचेच, सबटायटल वाचायचे कष्ट कमी. नवी नवरी सासरच्या स्वयंपाकघरात, आणि आवाज सगळे तिथलेच: विळी, फोडणी, भांडी, गळणारं सिंक, टेबलावर टाकलेलं खरकटं. तुम्ही आयुष्यभर टीव्ही स्वयंपाकघरातून ऐकलात, इथे ओट्याशी उभ्या बाईला तुम्ही हॉलमधून बघाल. ड्रिलिंग बंद असेल अशा वेळी लावा, मोशनचं सेटिंग आधी काढा, आणि हात रिकामे ठेवा. यजमानांना शेजारी बसवा, पण त्या दिवशी जेवायचं काय ते त्यांच्याकडे सोपवून, पिठलं-भात जमेलच. पिठल्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून उठून उठून ढवळायला गेले तर दहाव्या मिनिटाला घोरणार नाहीत, आणि ‘ही कोण?’ विचारलंच, तर सांगून टाका.